महाविद्यालयाच्या सभागृहात भगवान महावीर

इ. स. १९७४ च्या दीपावलीस, म्हणजे १३ नोव्हेंबर रोजी, भारतीय डाक विभागाने पंचवीस पैशांचे एक तिकीट प्रकाशित केले. त्यावर पावापुरीच्या जलमंदिराचे चित्र होते. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५२७ मध्ये आश्विन अमावास्येच्या, उत्तरेकडील गणनेनुसार कार्तिक कृष्ण अमावास्येच्या, प्रत्यूषकाळी याच पावापुरीत अंतिम तीर्थंकर भगवान महावीरांना निर्वाणपद प्राप्त झाले. त्या घटनेला अडीच हजार वर्षे पूर्ण होत होती. पुढील दीपावलीपर्यंतचे संपूर्ण वर्ष देशभर निर्वाण महोत्सव म्हणून साजरे झाले. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षस्थानी होत्या. पंचरंगी ध्वज आणि सर्व संप्रदायांना मान्य असलेले जैन प्रतीक याच निमित्ताने रूढ झाले. गावोगावी धर्मचक्राच्या मिरवणुका निघाल्या. ज्या न्यासाची ही स्मरणिका आहे त्याची पन्नास वर्षे आणि त्या महोत्सवानंतरची पन्नास वर्षे जवळजवळ एकच होत. म्हणूनच त्या वर्षाने समाजाच्या सार्वजनिक जीवनात जी एक नवी रीत आणली, तिचा मागोवा येथे घेणे उचित ठरेल.

ती रीत म्हणजे एक विषय घेऊन महाविद्यालयाच्या वा नगराच्या सभागृहात व्याख्याने ठेवणे, त्याच विषयाचे प्रदर्शन मांडणे आणि सायंकाळी त्यावरच नाट्य, नृत्य किंवा गायन सादर करणे. आज कोणत्याही महाविद्यालयात सप्ताह, पंधरवडा, महोत्सव अशा नावांनी हे तिन्ही घटक एकत्र आलेले दिसतात आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. परंतु जिनबिंबाचे दर्शन घेणारा समाज त्याच बिंबाचे ‘प्रदर्शन’ पाहावयास येतो, तेव्हा त्याच्या मनात काही प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न १९७४ मध्येही उभे राहिले होते आणि त्यांची उत्तरे आजही पूर्णपणे मिळालेली नाहीत.

महाराष्ट्रात महाविद्यालयाने लोकांपर्यंत जाण्याची प्रथा तशी जुनी आहे. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या प्रेरणेने एक सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक’ या नावाने कार्य करू लागल्या. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पुरुष तिच्यात होते. देशी भाषांतून लोकांना समजतील अशी व्याख्याने देणे हे तिचे काम. या तरुणांनी लगोलग मुलींच्या शाळाही काढल्या. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ऐकणे हेही शिक्षणच होय, हा विचार या दोन संस्थांनी मराठी मनात रुजविला.

मराठवाड्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य फार उशिरा आले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध आदेशाने सभाबंदी लादली होती. व्याख्यान ठेवायचे तर सरकारची परवानगी हवी, अशा काळात सभागृहाचा विचार कोण करणार? देवळातील कीर्तन, प्रवचन आणि पोथीचे वाचन एवढेच मोकळे श्रवण शिल्लक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज व औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापिलेले महाविद्यालय उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. या प्रदेशातील लोकांना महाविद्यालयाच्या सभागृहाची ओळख झाली ती अशी, स्वातंत्र्याच्या हातात हात घालून.

हिंगोली जिल्ह्याला याचा अभिमान वाटावा असे एक नाव येथे घेतले पाहिजे. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी कळमनुरी तालुक्यातील नांदापूरचा. पीपल्स कॉलेजात ते अध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. पण त्यांचा खरा वर्ग महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर भरत असे. मराठवाड्यातील लहान लहान गावांत जाऊन नाट्यशास्त्रापासून राज्यघटनेपर्यंत कोणत्याही विषयावर ते तासन्‌तास बोलत आणि लोक ऐकत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. श्रोत्यांच्या श्रद्धेला न दुखावता प्रश्न विचारता येतात आणि प्रश्न विचारूनही श्रद्धेचा आदर राखता येतो, हे ज्या पिढीने पाहिले ती त्यांच्यासारख्यांच्या व्याख्यानांतूनच घडली.

औरंगाबादच्या ज्या महाविद्यालयाचा वर उल्लेख आला, त्याचे ‘मिलिंद’ हे नावच एका राजाच्या व भिक्षूच्या संवादावरून आले आहे. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. बाबासाहेबांच्या उपस्थितीत महाविद्यालयात त्याचा प्रयोग झाला आणि १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याच्या वेळी ते अफाट जनसमुदायापुढे सादर झाले. श्रमण परंपरेच्या दुसऱ्या शाखेने आपला इतिहास महाविद्यालयीन रंगमंचावरून कसा सांगितला, याचे हे आपल्याच प्रदेशातील उदाहरण होय. जैन समाजाने याचा अभ्यास करावयास हवा होता. तो फारसा झाला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

याचा अर्थ जैन समाजाला या तिन्ही कला अपरिचित होत्या असा मात्र नाही. उलट तीर्थंकरांचे समवसरण म्हणजे काय, याचे वर्णन पुराणांतून वाचले तर बारा सभांतून देव, मनुष्य आणि तिर्यंच बसलेले, मार्गात मानस्तंभ, चैत्यवृक्ष, ध्वजभूमी आणि नाट्यशाळा, आणि मध्यभागी दिव्यध्वनी असे दृश्य डोळ्यांपुढे येते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाला पूज्य असलेल्या आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांच्या जन्माभिषेकानंतर इंद्र स्वतः आनंदनाट्य करतो. वेरूळच्या छोटा कैलासात नृत्य करणारा इंद्र कोरलेला आहे, तो याच भावनेतून. त्याच ऋषभदेवांना वैराग्य झाले तेही एका नृत्यप्रसंगी. नीलांजना नावाची अप्सरा नाचत असता तिचे आयुष्य संपले. इंद्राने रसभंग होऊ नये म्हणून क्षणार्धात तिच्या जागी दुसरी अप्सरा उभी केली. सभेतील कोणाच्याही ध्यानात तो बदल आला नाही; ऋषभदेवांच्या ध्यानात आला. मथुरेच्या कंकाली टिळ्यातील एका प्राचीन शिल्पपटात हा प्रसंग कोरलेला आढळतो.

श्वेतांबर आगमांतील राजप्रश्नीय सूत्रात याहूनही विचारप्रवर्तक कथा आहे. सूर्याभ नावाचा देव भगवान महावीरांपुढे बत्तीस प्रकारची नाट्ये सादर करण्याची अनुज्ञा मागतो. भगवान मौन राहतात. तो पुन्हा विचारतो, तरीही मौन. अखेर तो नाट्य सादर करतो आणि त्यांतील शेवटचे नाट्य साक्षात भगवान महावीरांच्याच जीवनावरचे असते. या मौनाचा अर्थ काय? निषेध नाही आणि संमतीही नाही. भाष्यकारांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. आजच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीपुढे जो प्रश्न येतो, तोच येथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मांडलेला आहे.

परंपरेने यातून काढलेला मार्ग पंचकल्याणक महोत्सवात दिसतो. तेथे श्रावक-श्राविका इंद्र-इंद्राणी होतात, कुबेर होतात, राजसभा भरते, पाळणा हलतो. सहस्रावधी लोक ते डोळ्यांत प्राण आणून पाहतात. पण ज्यांची ही कल्याणके, त्या भगवंतांची भूमिका कोणीही मनुष्य करीत नाही. तेथे प्रतिमाच असते. भोवतीचे सारे नाट्य आणि मध्यभाग मात्र नाट्यापासून मुक्त, ही जैन रंगमंचाची मर्यादा आहे आणि तीच त्याची शोभाही.

निर्वाण महोत्सवाच्या वेळी नेमका याच मर्यादेचा प्रश्न निर्माण झाला. शासनाने महोत्सवात सहभागी व्हावे काय, भगवंतांच्या जीवनाचे प्रयोग, चित्रे व प्रदर्शने सार्वजनिक जागी व्हावीत काय, याविषयी काही परंपरानिष्ठ साधू व श्रावकांनी तीव्र आक्षेप घेतले. दुसऱ्या बाजूने, करदात्यांच्या पैशांतून एका धर्माचा प्रसार होतो, म्हणून हा खर्च राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाविरुद्ध आहे, असा दावा दिल्ली उच्च न्यायालयात करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. महावीरांसारख्या महापुरुषाचे स्मरण आणि त्यांच्या शिकवणुकीचा परिचय म्हणजे धर्मप्रसार नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. महाविद्यालयांच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. सर्व धर्मांची मुले जेथे शिकतात तेथे महावीरांवर व्याख्यान ठेवता येते, मात्र ते परिचय म्हणून ठेवायचे, उपदेश म्हणून नव्हे, ही सीमारेषा त्यातून स्पष्ट झाली.

परंतु परिचय कशाचा करून द्यायचा? येथे महाविद्यालयांनीच त्याआधी अर्धशतक घातलेला पाया उपयोगी पडला. हिंगोलीच्या उत्तरेस, वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारे प्रसिद्ध आहेत. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष गेले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतील अनेक ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले. पुढे १९३९ पासून त्यांनी अमरावतीहूनच षट्खंडागमाचे, आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेसह, प्रकाशन आरंभिले. सोळा खंडांचे ते काम सुमारे वीस वर्षे चालले. ज्या सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या मठात केवळ दर्शनासाठी होती, ती अशा रीतीने वाचनासाठी उपलब्ध झाली.

हे सहजासहजी घडले नाही. गृहस्थाने सिद्धांतग्रंथ वाचू नयेत, शास्त्र छापणे म्हणजे त्याचा अविनय करणे, असे मानणारे पुष्कळ लोक होते. १८८५ मध्ये सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू केले त्या काळापासून हा छपाईविरोध चालत आला होता. यातही एक प्रसंग विशेष उद्बोधक आहे. षट्खंडागमाच्या पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द गळला असावा, असे संपादकांना अर्थावरून वाटले. हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. संपादकांनी तो गुपचूप मूळ पाठात घातला नाही आणि शंका दडवूनही ठेवली नाही. तळटीपेत आपले मत नोंदविले. या एका शब्दावर मोठे वादंग माजले, कारण स्त्रीमुक्तीच्या प्राचीन वादाशी त्याचा संबंध येत होता. पुढे मूळ ताडपत्रांशी पडताळणी झाली तेव्हा तो शब्द तेथे आढळला. त्याचा सिद्धांतदृष्ट्या अर्थ काय लावायचा हा विद्वानांचा विषय. पण शंका उघडपणे मांडणे, विरोध ऐकून घेणे आणि मूळ साधनाकडे परत जाणे ही जी पद्धत तेथे दिसली, तीच महाविद्यालयाने समाजाला दिलेली देणगी होय.

हिंगोली जिल्ह्यासाठी हा वाद काही दूरचा नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र सर्वांना परिचित आहे. समजा, जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने ‘आपल्या जिल्ह्याचा सांस्कृतिक वारसा’ या विषयावर प्रदर्शन भरविले. औंढ्याचे नागनाथ, नर्सीचे संत नामदेव यांच्या शेजारी शिरडच्या मल्लिनाथांचे चित्र लागणार, हे ओघानेच आले. चित्राखाली काय लिहायचे? दिगंबर परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे विवाह न करता दीक्षा घेणाऱ्या पाच बालयतींपैकी एक राजपुत्र होत. श्वेतांबर परंपरेत मल्ली ही राजकन्या आहे; ज्ञाताधर्मकथा या आगमात तिने सुवर्णप्रतिमेच्या साहाय्याने सहा राजांचा मोह कसा दूर केला, याची कथा आहे. क्षेत्र दिगंबर आम्नायाचे, म्हणून तेथील परंपरा प्रथम आणि स्पष्टपणे लिहावी, यात दुमत होण्याचे कारण नाही. पण प्रदर्शन महाविद्यालयाचे असेल तर दुसऱ्या परंपरेचा उल्लेख टाळणे हे विद्येशी प्रतारणा केल्यासारखे होईल. मातेची स्वप्ने सोळा की चौदा, महावीरांचा विवाह झाला की नाही, असे प्रश्नही प्रत्येक चित्रफलकापुढे उभे राहतात. मंदिरात यांपैकी एकच उत्तर असते आणि ते तसेच असावयास हवे. सभागृहात दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी लावावी लागतात. ज्या धर्माने ‘स्यात्’ हा शब्द जगाला दिला, त्याच्या अनुयायांना हे जड जाऊ नये. तरी ते जाते, हा अनुभव आहे.

निर्वाण महोत्सवाच्या वर्षात ही अडचण काही अंशी दूर करणारे एक फार मोठे कार्य आपल्या महाराष्ट्रातून प्रेरित झाले. पवनारच्या आश्रमातून आचार्य विनोबा भावे यांनी अनेक वर्षे एकच आग्रह धरला होता. जैनांचे ग्रंथ अनेक आहेत, पण सर्व संप्रदायांना मान्य असा एक सारग्रंथ नाही, तो करावा. क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांनी संकलनाचे परिश्रम घेतले. १९७४ च्या नोव्हेंबरअखेर दिल्लीत संगीती भरली. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी मुनिजन एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. ७५६ म्हणजे सात वेळा एकशे आठ, याचे विनोबांना विशेष कौतुक वाटले. हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयात व्याख्यान देणाऱ्या अजैन अध्यापकालाही आता असे एक पुस्तक हाती मिळाले की ज्यातील गाथा उद्धृत केल्यास कोणत्याही संप्रदायाचा श्रोता उठून आक्षेप घेणार नव्हता. वर्षाचे अखेरचे चार महिने आणीबाणीच्या छायेत गेले आणि इतरत्र सभांवर बंधने आली, हाही त्या वर्षाचा एक विरोधाभास म्हणावा लागेल.

त्यानंतरची दोन वर्षे थोडक्यात सांगता येतील. भगवान महावीरांच्या जन्मास २६०० वर्षे झाली त्या निमित्ताने ६ एप्रिल २००१ पासूनचे वर्ष केंद्र शासनाने अहिंसा वर्ष म्हणून पाळले. हिंगोली तोवर स्वतंत्र जिल्हा झाला होता; त्याची स्थापना १ मे १९९९ ची. महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडली गेली होती. २५५० व्या निर्वाण महोत्सवाचे उद्‌घाटन २१ एप्रिल २०२४ रोजी दिल्लीत पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले, टपाल तिकीट व नाणे निघाले. समारंभ भव्य झाले. परंतु १९७४ मधील संगीतीसारखे टिकाऊ फळ प्रत्येक समारंभातून निघते असे नाही.

याच वर्षातील एक घटना मात्र महाविद्यालयांनी आणि न्यासांनी मनावर घ्यावी अशी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची पूर्वज आणि जैन आचार्यांनी तिच्यात विपुल रचना केलेली. पुढे मराठीतही गुणदास, गुणकीर्ती, मेघराज, महीचंद्र, जिनसागर अशा जैन कवींनी पुराणे, चरित्रे आणि व्रतकथा लिहिल्या. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ मध्ये सोलापूरहून निघाला आणि डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा समग्र अभ्यास केला, म्हणून ही नावे आज माहीत आहेत. मराठीच्या पदवी वर्गातील किती विद्यार्थ्यांनी ती ऐकली असतील? मराठी भाषा गौरव दिन प्रत्येक महाविद्यालयात होतो. त्या दिवशी या कवींवर एक व्याख्यान, गावच्या मंदिरातील पोथ्यांचे काचेच्या पेटीतील एक छोटे प्रदर्शन आणि एखाद्या व्रतकथेचे कीर्तनाच्या चालीवर सादरीकरण एवढे झाले, तरी वर वर्णिलेल्या तिन्ही परंपरा एका छताखाली येतील आणि भगवंतांची भूमिका कोणी करावी हा प्रश्नही उद्भवणार नाही.

पोथ्या बाहेर नेण्यास विश्वस्तांचा संकोच असेल तर तो समजण्यासारखा आहे. गेलेल्या पोथ्या परत न आल्याची उदाहरणे प्रत्येक गावात वडीलधारी माणसे सांगतात. अशा वेळी विद्यार्थ्यांनाच मंदिरात बोलवावे. जुन्या दिगंबर जैन मंदिरांत पांढऱ्या पाषाणाच्या लहान प्रतिमा असतात. त्यांच्या पादपीठावर पुष्कळदा ‘संवत् १५४८’ असे कोरलेले असते. जीवराज पापडीवाल नावाच्या श्रावकाने भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते त्या वर्षी असंख्य प्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि त्या भारतभर पाठविल्या. पाचशेहून अधिक वर्षे रोज अभिषेक झाल्याने अक्षरे झिजली आहेत. स्नान करून, शुद्ध वस्त्र नेसून, सकाळच्या तिरप्या उन्हात ती नीट वाचता येतात. प्रथम संवत्, मग महिना व तिथी, मग मूलसंघ, मग भट्टारकांचे नाव.